गांजा आणि शरीरसुख: त्या फिरत्या संदेशाला उत्तर

एकच मजकूर मला गेल्या काही दिवसांत तिघांनी पाठवला. त्याचं सार असं: गांजा हे कामजीवनावरचं नैसर्गिक औषध आहे. रोज घेणाऱ्यांचे संबंध वीस टक्के जास्त येतात, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. ताण आणि लाज पळते, ताठरतेच्या गोळ्या लागत नाहीत, आणि टाळाटाळ करणारा जोडीदारही मोकळा होतो. पाठवणाऱ्या तिघांतल्या एका मैत्रिणीला संबंधाच्या वेळी खूप दुखतं, हे मला ठाऊक आहे. तिने हा संदेश मोठ्या आशेने पाठवला होता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी वीस टक्क्यांचं. हा आकडा हवेतला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांची सर्वेक्षणातली उत्तरं तपासली. रोज गांजा घेणाऱ्या स्त्रियांचे चार आठवड्यांत सरासरी ७.१ वेळा संबंध आले होते, न घेणाऱ्यांचे ६.० वेळा. पुरुषांत हेच आकडे ६.९ आणि ५.६ होते. पण इथे मोजलं होतं ते फक्त ‘किती वेळा’. त्यात सुख होतं का, दुखलं का, मनापासून होतं का, हे या आकड्यांत कुठेच नाही. शिवाय गांजामुळे संबंध वाढले, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. नव्या अनुभवांची ओढ असलेली माणसं दोन्ही गोष्टी जास्त करत असू शकतात. कावळा बसला म्हणून फांदी मोडली, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

‘ताण आणि लाज पळते.’ या दाव्यात खरंच तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात मला रस नाही. संबंधापूर्वी गांजा घेतल्यावर स्पर्श जास्त जाणवला, मन सैल झालं, तृप्ती सहज मिळाली, असं सांगणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. २०१९ च्या एका अमेरिकी पाहणीत ३७३ स्त्रियांपैकी १२७ जणींनी संबंधापूर्वी गांजा घेत असल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात समाधानकारक कामतृप्तीचं प्रमाण जास्त आढळलं. त्यांचा अनुभव खोटा ठरवणारी मी कोण? मात्र संदेश जे गाळतो ते मात्रेचं. शिकागोत ४२ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका प्रयोगात गांजातला झिंग आणणारा घटक, टीएचसी, ७.५ मिलिग्रॅम दिल्यावर ताण कमी झाला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांची मनःस्थिती उलट बिघडली. फरक जेमतेम पाच मिलिग्रॅमचा! घरात बसून झुरका मारणाऱ्याला हा फरक कसा कळणार? खाण्यातून घेतलं तर आणखी कठीण, कारण परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. काहीच होत नाही म्हणून माणूस पुन्हा खातो, आणि नेमक्या जवळिकीच्या क्षणी छातीत धडधड, घबराट, संशय सुरू होतो. अशा वेळी जोडीदाराचा हातसुद्धा नकोसा होतो.

ताठरतेच्या गोळीचा मुद्दा मला सर्वांत धोकादायक वाटतो. गांजाने हृदयाचे ठोके वाढतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ जणांच्या एका अभ्यासात गांजा घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या ४.८ पट आढळला होता. आता ज्या पुरुषाला ताठरता येत नाही त्याचा विचार करा. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा येऊ घातलेल्या हृदयविकाराची पहिली खूण असते. त्याला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला पाठवायचं, की हृदयावर ताण आणणारी गोष्ट हातात द्यायची? शिवाय ऑस्ट्रेलियात साडेआठ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत रोज गांजा घेणाऱ्या पुरुषांमध्ये कामतृप्ती फार लवकर होणं, फार उशिरा होणं किंवा न होणं, अशा तिन्ही तक्रारी जास्त दिसल्या. ‘रोज घ्या’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

शुक्राणूंबाबतचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, पण मूल हवं असलेल्यांनी गांजा टाळावा आणि गरोदरपणात तो घेऊच नये, असाच वैद्यकीय सल्ला आहे. आणखी एक, संदेशात वंगण म्हणून ज्याची शिफारस आहे ते गांजाचं तेल: कोणतंही तेलकट वंगण लेटेक्सचा कंडोम कमकुवत करतं, मग तो ऐन वेळी फाटू शकतो.

राहिला तो ‘टाळाटाळ करणारा जोडीदार’. हे वाक्य वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. टाळाटाळ म्हणजे नकारच असतो, फक्त हळू आवाजातला. त्यामागे वेदना असेल, थकवा असेल, दुखावलेलं मन असेल. झिंगेत तो आवाज बंद पडला याचा अर्थ होकार मिळाला असा होत नाही, आणि नकळत खाऊ घालणं हा तर सरळ गुन्हा आहे. दोघांनाही करून बघायचंच असेल आणि ते राहतात तिथे कायदा आड येत नसेल, तर काय चालेल आणि कुठे थांबायचं हे शुद्धीवर असताना ठरवा. मध्येच एकाने ‘नको’ म्हटलं, तर तिथेच थांबा.

माझ्या मैत्रिणीला मी वेगळं उत्तर पाठवलं. संबंधाच्या वेळी दुखण्यामागे कोरडेपणा, जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं आखडणं, असं काहीही असू शकतं, आणि यातल्या प्रत्येकावर उपचार आहेत. गांजाने ते दुखणं बधिर झालं, तरी तिथे काय बिघडलं आहे ते तसंच राहील. तिने स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घेतली आहे. तिने विचारलं, ‘सोबत येशील?’ मी जाणार आहे.