बादली, दुकानदार आणि ‘जुनाट’ इंजिन: एका प्रतिक्रियेला उत्तर

बेथेस्डा कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेत मॉरोविंड (तिसरा), ऑब्लिव्हियन (चौथा) आणि स्कायरिम (पाचवा) हे भाग होऊन गेले. सहाव्या भागाची वाट का पाहावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि कळकळीची आहे. तिच्याखाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. तुमचे आक्षेप असे: जून २०१८ मध्ये ३६ सेकंदांचा टीझर दाखवला, त्यात डोंगर, किनारा आणि नाव, बस्स. त्यावर इतकी वर्षं आस लावून बसणं भाबडेपणाचं. इंजिन (गेम ज्यावर चालतो ती मूळ यंत्रणा) वीस वर्षांचं म्हातारं, ते फेकून अनरील हे दुसऱ्या कंपनीचं तयार इंजिन घ्यायला हवं होतं. दर भागात काहीतरी कापत आले, आता सहाव्यात उरणार काय? आणि मी कंपनीची फुकट जाहिरात करतोय. शेवटी जाता जाता मॉरोविंडबद्दल एक तक्रारही आहे, तिच्याकडे मी मुद्दाम शेवटी येतो.

आधी माझी चूक. ऑब्लिव्हियनमध्ये १८ स्किल्स (पात्राची कौशल्यं) असं लेखात पडलं होतं. १८ स्कायरिममध्ये आहेत, ऑब्लिव्हियनमध्ये २१ आणि मॉरोविंडमध्ये २७. दुरुस्त केलंय.

टीझरबाबत भांडण नाही, तो फार लवकर दाखवला. त्याच कार्यक्रमात स्टारफील्ड या त्यांच्याच दुसऱ्या गेमची घोषणा झाली आणि तो गेम हातात पडायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. मधल्या काळात स्टुडिओचा मोठा फौजफाटा तिकडेच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये बेथेस्डानं सांगितलं की सहाव्या भागाची पूर्वतयारी संपून निर्मितीचा सुरुवातीचा टप्पा सुरू झालाय. त्याआधी दोनच महिने अमेरिकेतल्या न्यायालयात बेथेस्डाची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फिल स्पेन्सर यांनी हा गेम पाच-एक वर्षं तरी दूर असल्याचं म्हटलं होतं. तेव्हा वाट मोजायचीच तर २०२३ पासून मोजा. २०१८ पासून मोजली की आकडा फुगतो आणि डोकंही.

आता इंजिन. इथे मात्र तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय.

स्कायरिममधलं कुठलंही दुकान घ्या. उचलायचं बटण नुसतं दाबलं की वस्तू तुमच्या सामानात जाते. तेच बटण दाबून धरलं की वस्तू तुमच्यासमोर हवेत लटकते. अशी एखादी बादली किंवा टोपली धरा, दुकानदाराजवळ जा आणि त्याचं डोकं आत जाईल अशी अलगद उतरवा. तो फार तर कुरकुर करतो, कारण वस्तू हलवणं हा गुन्हा नाही, सामानात टाकणं गुन्हा आहे. मग वाका आणि त्याच्या डोळ्यांदेखत फळी साफ करा. तो ढिम्म. नजर म्हणजे त्याच्या डोळ्यांपासून तुमच्यापर्यंतची सरळ रेषा, आणि त्या रेषेत आता एक बादली आहे. ‘डोक्यावर बादली असल्यास चोरी दिसू नये’ असा नियम कुणी बसून लिहिला नव्हता. बादलीला आकारमान आहे, दुकानदाराला डोळे आहेत, बाकीचं आपोआप घडलं. फसतं कुठे? तो दोन पावलं चालला की बादली घसरते, पावलांचा आवाज त्याला ऐकू येतोच, आणि दुकानात तिसरा माणूस असेल तर त्याचे डोळे उघडे असतात.

ही गंमत फुकट मिळत नाही. जगात ठेवलेल्या प्रत्येक पेल्याला, पावाला, हाडाला स्वतःचा आठ अक्षरी क्रमांक असतो, त्यात ० ते ९ अंक आणि ए ते एफ अक्षरं येतात. पहिली दोन अक्षरं वस्तू कुठल्या फाइलमधली हे सांगतात. साध्या सोन्याच्या नाण्याच्या प्रकाराचा क्रमांक सात शून्यं आणि शेवटी एफ. (मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या बदलांच्या फाइली, लावणाऱ्यांना अडीचशेच्या आसपासची मर्यादा आडवी यायची ती याच दोन अक्षरांमुळे. पुढे हलक्या फाइलींना वेगळी सोय करून दिली.) सेव्ह फाइलमध्ये अख्खं जग साठवत नाहीत, मूळ जगापेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. तुम्ही जितकी ढवळाढवळ कराल तितकी फाइल फुगते. २०११ साली प्लेस्टेशन ३ वर स्कायरिम पुढे पुढे अडखळायला लागला, तो फुगलेल्या सेव्हमुळेच. त्या यंत्रात २५६ मेगाबाइट मुख्य मेमरी आणि तेवढीच ग्राफिक्सची, बिचारं किती लक्षात ठेवणार?

‘विचरवालेसुद्धा अनरीलवर गेले’ हे तुमचं उदाहरण खरं आहे. पण त्यांच्या विचर ३ या गेममधल्या टेबलावरची थाळी उचलून पाहा. नाही उचलली जात, ती सजावट आहे. त्या गेमचा जीव लिखाणात आहे, थाळीत नाही, म्हणून त्यांना इंजिन बदलणं तुलनेनं सोपं. अनरीलमध्ये वस्तूंची ही आठवण बांधता येत नाही असं अजिबात नाही. ती पहिल्या विटेपासून बांधावी लागेल एवढंच, आणि तिच्यासोबत मॉड करणाऱ्यांच्या हातातली हत्यारंही. याला किती वेळ लागतो याचा अंदाज हवा असेल तर ओपनएमडब्ल्यू पाहा. २००२ च्या एका मॉरोविंडचं इंजिन नव्यानं लिहायला हौशी, पण चांगले कसबी प्रोग्रॅमर दहाहून जास्त वर्षं घालवताहेत, आणि त्यातली बरीच मेहनत जुन्या इंजिनाच्या लहरी जशाच्या तशा उतरवण्यात जाते. कारण क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) त्या लहरींवर उभ्या आहेत.

याहून बोलका पुरावा एप्रिल २०२५ मध्ये आला: ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड. वरचं रूप अनरील ५ चं, आणि आत नियम, वस्तू, माणसांची दिनचर्या हाकायला २००६ चंच इंजिन. म्हणजे प्रत्यक्ष निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चेहरा बदलला आणि सांगाडा ठेवला. दिसायला देखणा, पण मोकळ्या रानात धावताना फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं) अडखळतात ही तक्रार सगळीकडे, आणि मॉडसाठी अधिकृत साधनं दिलेलीच नाहीत. तुमची सूचना अमलात आणली तर साधारण काय पदरात पडेल, त्याचा हा नमुना समजा.

एका ठिकाणी तुमचा बाण बरोबर लागलाय. वस्तूंच्या हालचालीचं गणित फ्रेमच्या वेगाला बांधणं हा या इंजिनाचा लाजिरवाणा दोष होता. स्कायरिम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर मोकाट सोडला की खोलीत शिरताच ताटवाट्या उडतात, सुरुवातीची घोडागाडी तर कोलांट्याच मारते. कारण सेटिंगच्या फाइलमधल्या हॅवॉक (वस्तूंच्या हालचालीच्या) विभागातली एका पायरीची कमाल वेळ ०.०१६६ सेकंद ठेवलेली आहे, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. उपाय दोन. फ्रेम ६० वर बांधा, हा सगळ्यात बिनधोक. किंवा ती वेळ आपल्या फ्रेमनुसार कमी करा: १ भागिले १४४ म्हणजे ०.००६९. पण मग फ्रेम घसरल्या की जग संथ वाटायला लागतं, म्हणून हा आकडा चालू गेममध्ये आपोआप बदलणारा डिस्प्ले ट्वीक्स मॉड बरा. स्टारफील्डमध्ये हे दुखणं उरलेलं नाही. म्हणजे ‘तेच जुनं इंजिन’ तुकड्यातुकड्यानं बदलतंय, नाव मात्र दर वेळी अर्धवट बदलतं म्हणून ओळखू येत नाही.

कापाकापीचा मुद्दा मला जास्त पटतो. मॉरोविंडमध्ये डावा आणि उजवा खांदा वेगळा, डावा आणि उजवा हातमोजा वेगळा. ऑब्लिव्हियनमध्ये खांदे गेले, हातमोज्यांची जोडी झाली. स्कायरिममध्ये पायांचं चिलखतही छातीच्या चिलखतात विरघळलं. हवेत तरंगण्याचा मंत्र मॉरोविंडनंतर गेला, आणि त्यामागचं कारण पुन्हा मेमरीच: तटबंदीच्या आतली शहरं वेगळी जागा म्हणून लोड व्हायला लागली. वरून उडून डोकावलात तर आत पोकळ टरफल दिसलं असतं. मंत्र स्वतः बनवायची सोय स्कायरिममध्ये काढली, तिचं मात्र मला आजही समर्थन करता येत नाही.

पण कापलेलं सगळंच चांगलं होतं असं नाही. ऑब्लिव्हियनची लेव्हल वाढायची रीत आठवा. मुख्य सात स्किल्समध्ये मिळून दहा पायऱ्या चढलात की झोपायचं आणि लेव्हल घ्यायची. त्या दरम्यान एका गुणाखालची (ताकद, चपळाई वगैरे) स्किल्स दहा वेळा वाढली असतील तर तो गुण ५ नं वाढतो, आठ-नऊ वेळा असतील तर ४ नं, आणि एकदाही नसेल तर फक्त १ नं. राक्षस मात्र तुमच्या लेव्हलबरोबर वाढणारच. परिणाम असा की हिशेबी खेळाडू जी स्किल्स वापरायचीच नाहीत ती ‘मुख्य’ म्हणून निवडायचा आणि कागदावर रेघोट्या मारत बसायचा. उलट ज्यानं प्रामाणिकपणे योद्धा निवडला तो विसाव्या लेव्हलला दरोडेखोरांकडूनच मार खायचा, कारण रस्त्यावरचा फाटका दरोडेखोरही तोवर काचेचं महागडं चिलखत घालून फिरत असायचा. स्कायरिमनं हे आठही गुण काढून टाकले, रोगाबरोबर रोगीही थोडा गेला. रीमास्टरमध्ये मधला रस्ता दिसला: दर लेव्हलला १२ पॉइंट, ते तीनपर्यंत गुणांत वाटा. ही रीत सहाव्यात आली तर मी तरी खूश असेन.

मला खरी धास्ती वेगळीच आहे, आणि तिचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही याचं आश्चर्य वाटलं. स्टारफील्डमध्ये हजारावर ग्रह आहेत आणि त्यांवरची ठिकाणं संगणक विखरून ठेवतो. एका ग्रहावर ओसाड क्रायो लॅब पाहिली, वेगळ्या ताऱ्याभोवती पुन्हा तीच लॅब, तेच जिने, तीच पेटी त्याच कोपऱ्यात. दुकानदार रात्रंदिवस गल्ल्यावर उभे. दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, तसं माझं इथे होतं. गंमत म्हणजे ही मालिका हा धडा एकदा शिकून बसलीय. १९९६ च्या डॅगरफॉलमध्ये पंधरा हजारांवर ठिकाणं होती, बहुतेक यंत्रानं घडवलेली आणि बहुतेक एकसारखी. मॉरोविंडमध्ये त्यांनी नकाशा कित्येक पटींनी लहान केला आणि हातानं भरला. आज आपण आठवतो ते त्या हातानं भरलेल्या नकाशाला. म्हणून पहिली खरी झलक येईल तेव्हा ‘नकाशा किती मोठा’ या आकड्याकडे मी ढुंकूनही पाहणार नाही. रात्री आठला दुकानदार कुलूप लावून घरी जातो का, दोन भग्नावशेष आतून वेगळे आहेत का, शहरात शिरताना स्क्रीन काळी होते का, आणि कुणाच्या धक्क्यानं टेबलावरचा पेला गडगडतो का, एवढं पाहीन. आगाऊ पैसे भरा असं मूळ लेखात कुठेच नाही, इथेही नाही. जाहिरातीच्या आरोपाला याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

आता मॉरोविंड. ‘नव्यानं सुरू केला, रेडगार्ड घेतला, लाँग ब्लेड मुख्य स्किल, तरी साधा उंदीर मरेना,’ असं तुम्ही लिहिलंय. नव्वद टक्के शक्यता ही की तुमच्या हातात सुरुवातीच्या कचेरीतल्या टेबलावरची सुरी आहे. सुरी शॉर्ट ब्लेड या स्किलमध्ये मोडते, आणि ते तुमचं १० असणार (५ मूळचे, ५ रेडगार्ड वंशाचे). वार लागण्याचं गणित असं: स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळाई) पाचवा भाग, अधिक लकचा (नशीब) दहावा भाग. या बेरजेला फटीग (दमाची हिरवी पट्टी) पूर्ण असेल तर १.२५ नं गुणायचं, शून्य असेल तर ०.७५ नं. अ‍ॅजिलिटी ४० आणि लक ४० धरलं तर सुरीचे होतात २२, आणि तुम्ही उंदरापर्यंत धावत गेल्यानं हिरवी पट्टी रिकामी, म्हणजे जेमतेम साडेसोळा टक्के. त्यातून उंदराची चपळाई वजा. लाँग ब्लेड तुमचं ५० असेल (मुख्य म्हणून ३०, लढाईचा कल निवडल्याचे ५, रेडगार्ड वंशाचे १५). तीच बेरीज ६२ आणि पट्टी भरलेली असताना साडेसत्त्याहत्तर टक्के. तेव्हा सुरी विका, साधी लोखंडी का होईना पण लांब तलवार घ्या, शत्रू दिसला की धावणं सोडून चालत जा, आणि पट्टी अर्ध्याखाली उतरली की फटीग भरून देणारं औषध प्या.