दारामागच्या १९ पिशव्या

रविवारी दारामागच्या खुंटीवरच्या कापडी पिशव्या मोजल्या. १९ निघाल्या. वापरात आहेत जेमतेम चार. बाकीच्या कुठल्या कुठल्या कार्यक्रमांत मिळालेल्या, नाहीतर घरून न्यायला विसरलो म्हणून घेतलेल्या. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २०११ मध्ये हिशोब मांडला होता: तापमानवाढीच्या बाबतीत सुती पिशवी एकदाच वापरायच्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायची, तर ती निदान १३१ वेळा वापरायला हवी. कापूस पिकवायला आणि कापड विणायला इतकं काही खर्ची पडतं. मग खुंटीवरच्या त्या १५ पिशव्यांनी कोणाचं भलं केलं?

तीन वर्षं आम्ही घरचे पाचजण पर्यावरणाला कमीत कमी झळ पोचवून राहायची धडपड करतोय. आता माझं ठाम मत झालंय, की 'पर्यावरणपूरक' वस्तू आणून घर भरण्यात अर्थ नाही. आहे ते वापरा, आणि वाया घालवू नका. खरं काम तिथे आहे.

ओल्या कचऱ्याचंच घ्या. पहिल्या महिन्यात खताच्या डब्याला असा वास सुटला, की झाकण उघडवेना. आत काळा चिकट गाळ. नुसता ओला कचरा टाकत होतो, त्यामुळे हवा खेळत नव्हती आणि तो सडत होता. मग एक ओंजळ ओल्यावर दोन ओंजळी सुकी पानं आणि फाडलेला पुठ्ठा घालायला लागलो. आठवड्यात वास गेला. लेकीने वरून हात धरला आणि ओरडली, "आई, आतून वाफ येतेय!" हाच कचरा डेपोच्या ढिगाखाली दबला, की त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. म्हणून खताच्याही आधी, उरलंय काय ते बघूनच आम्ही पुढचा स्वयंपाक ठरवतो.

लेकीला नवा फोन हवा होता. दोन दिवस अबोला झाला. फोनचं बहुतेक प्रदूषण तो हातात पडायच्या आधीच, बनतानाच झालेलं असतं, हे तिला आकडे दाखवून समजावलं. शेवटी बॅटरी बदलून घेतली.

एका बाबतीत मात्र काटकसर नाही. सासूबाईंच्या इंजेक्शनच्या सुया, औषधांची पाकिटं, रात्रीचे डायपर. मध्यंतरी त्याच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमचा कचरा वाढतोय गं." फार लागलं मला ते. त्या दिवसापासून घरात कचऱ्याचं वजन करणं बंद केलं.