आमचा कूलर सुरात आहे

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरीला गाण्याच्या क्लासला टाकलं की नाही अजून?" टाकलं होतं नं. महिनाभर. साडेचार वर्षांच्या पोरीला मांडी घालून सा-रे-ग-मचे अलंकार घोकायला लावले, अन् ती बाथरूममध्येही गुणगुणेनाशी झाली. काढली मग.

आता शाळा घरीच, अन् मास्तर मी. म्हणजे ज्याला कॉलनीच्या गणपतीत आरतीच्या वेळी प्रेमाने माईकपासून लांब ठेवतात, तो.

सध्या नागपूरचं ऊन माहीतच आहे. बारा वाजता पडदे ओढायचे अन् कूलर लावून पडायचं. अशाच एका दुपारी पोरगी पडल्या पडल्या कूलरच्या घुंईईत आपला "ऊंऽऽ" मिसळायला लागली. मीही लागलो. आवाज जवळ आला, पण नेमका जुळला नाही, की कानात थरथर होते. जुळला की थरथर विरते. तिला हे माझ्या आधी कळलं. "बाबा, भांडण मिटलं!" तेव्हापासून रोजचा खेळ एकच, भांडण लावायचं अन् मिटवायचं. तानपुऱ्याशी सूर मिळवताना वेगळं काय करतात हो?

मग सरबताच्या रिकाम्या बाटल्या आल्या. कमी-जास्त पाणी भरून चमच्याने वाजवल्या, घरगुती जलतरंग. पाणी जास्त तितका आवाज जाड. अन् त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर एकदम उलटं, पाणी जास्त तितका आवाज बारीक. "असं काऊन?" मी सांगितलं, चमचा मारला की काच हलते, पाण्याने ती जड होते, फुंकलं की आतली हवा हलते, पाणी वाढलं की तिला जागा कमी. तिने ऐकून घेतलं, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली, परत वाजवून पाहिलं अन् म्हणाली, "आता बरोबर." सूर लावायची ही पद्धत मी तरी कुठे पाहिली नव्हती.

थंडीत दादरा ताल संत्र्यावर शिकलो. सहा मात्रा, धा धी ना धा ती ना. पहिल्या धाला संत्रं समोरच्याच्या हातात, चौथ्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी नाही, म्हणून रिकामा हात हवेत. पोरीला खालीच जास्त आवडते.

अन् आजी आहे तर भुलाबाईची गाणी तिच्याकडूनच घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे रोज टिपऱ्या अन् खिरापत ओळखणं असते. खिरापतीच्या लालचेने पोरं किती गाणी पाठ करतात, ते पाहा एकदा.

मोबाईलवर बालगीतं लावून देणाऱ्यांशी माझं भांडण एवढंच आहे: तो मोबाईल पोरासाठी थांबत नाही. पोरगं मध्येच अडलं, हसलं, एकच ओळ चौदा वेळा म्हणावीशी वाटली, तरी गाणं पुढे निघून जाते. बेसूर बाप थांबतो.

काल कूलरची मोटर जळली, नवीन बसवली. आवाज जरा वर चढला आहे. पोरगी रुसून बसली, जुनीच लावून पाहिजे म्हणते.