गाडीचे हितचिंतक

दहा-बारा वर्षांच्या गाडीला ऊन लागतं, पाऊस लागतो, कबुतरं तर लागतातच. पण तिची खरी वाट लावतात ती तिच्यावर माया करणारी माणसं, असं माझं ठाम मत आहे. उन्हाला रंग उडवायला वर्षं लागतात. हितचिंतकाला रविवारची एक सकाळ पुरते.

यातले रोजचे हितचिंतक म्हणजे सोसायटीतल्या गाड्या पुसणारे काका. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, पंधरावीला आधीच्या चौदांचा गाळ. त्या गाळात वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू रंगापेक्षा कितीतरी कडक. बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं की त्याच्याभोवती कोळिष्टकासारखी गोल रेघांची नक्षी दिसते, ती याच फडक्याची. काकांचा तरी काय दोष, अर्ध्या बादलीत त्याहून जास्त पुण्य मावत नाही. "काका, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदाच भरपूर पाणी ओतून धुवा," असं म्हणावं, तर काका दुखावतात आणि चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरून चौकशी येते, "काय हो, गाडी बंद पडली का?"

बरं, घरीच धुवू म्हटलं की घरातला हितचिंतक जुना बनियन घेऊन हजर. मराठी घरात बनियनला मोक्ष नाही. अंगावरून उतरला की ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून थेट बोनेटवर. त्याच्या शिवणीत अडकलेली फरशीवरची बारीक रेती इथे कामाला येते. सोबत भांड्यांचा साबण. तेलकटपणा काढणं हा त्या साबणाचा धर्म, आणि रंगावर आपण चोळलेलं मेण हा त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच. तेव्हा गाडीचा शाम्पूच आणावा आणि बाटलीवर लिहिलाय तेवढाच घालावा. दुप्पट घातल्याने गाडी दुप्पट स्वच्छ होत नाही, फेस काढायला पाणी मात्र दुप्पट लागतं.

धुण्याची रीत सोपी आहे, फक्त ती कोणाला पटत नाही. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार. आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. टपापासून सुरुवात, मग काचा, बोनेट, डिकी, दारं आणि दारांचा खालचा चिखलाळलेला भाग अगदी शेवटी. प्रत्येक पत्रा झाला की मायक्रोफायबरचा हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. चाकांचं फडकं वेगळं, कारण तिथे ब्रेकची लोखंडी धूळ असते. मायक्रोफायबर घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, सगळा कापूस ओढून घेतं. पाणी बोअरचं असेल तर गाडी वाळायच्या आत पुसावी, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. बसलेच, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन मिनिटभर ओलं ठेवावं आणि मग भरपूर पाण्याने धुऊन टाकावं. आणि हो, बोनेट उघडून वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तो साचला की पावसाचं पाणी वाट बदलून आत पायाशी येतं. दारांच्या तळाशी असलेली बारीक भोकंही काडीने मोकळी करा. दार गंजतं ते आतून, साचलेल्या पाण्याने.

धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून तो फिरवून पाहा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. रंगात रुतलेली लोखंडी धूळ, रेन ट्रीचा चिकटा, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट असं बरंच काही तिथे वस्तीला असतं. ते काढायला क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखा खास गोळा. साधारण ५० ग्रॅमचा तुकडा चपटा करून, शाम्पूचं पाणी सढळ शिंपडून, दाब न देता सरळ रेषेत फिरवायचा. मातीचं तोंड काळं झालं की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. माती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी लागते. ती महाग असल्यामुळे माणूस आधी इकडेतिकडे बघतो आणि मग फुंकर मारतो. फुंकर प्रसादाला चालते, क्ले बारला चालत नाही.

इथवर आलं की तज्ज्ञ हितचिंतक भेटतो. "साहेब, रबिंग मारून देतो, एकदम शोरूम कंडिशन!" ही घोषणा ऐकली की मी गाडीच्या बाजूने घाबरतो. कारण रबिंगने रंगावर काही चढत नाही. वरचा खराब थर खरवडून निघतो आणि खालचा ताजा थर उजेडात येतो. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड असतो. दर दिवाळीला शोरूम कंडिशन करून घेणाऱ्याच्या गाडीवर काही वर्षांनी शोरूमच उरत नाही.

आपल्या गाडीवर लॅकर आहे की नाही हे आधी ओळखावं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. कापडाला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे. जुन्या लाल गाड्या उन्हाने गुलाबी होतात आणि हात फिरवला तर खडूसारखी पूड निघते, ती याच जातीत. पण त्यांना पॉलिश लागू पडतं. मेलेला थर गेला की खालून लाल पुन्हा हसतो. उलट लॅकरवाल्या गाडीच्या टपावर पांढरे चट्टे पडून पापुद्रे निघत असतील, तर बाजारातली कुठलीही बाटली घेऊ नका. तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्याशी जुळवून घ्यावं.

पॉलिश करायचंच, तर सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने एका कोपऱ्यात करून पाहावं. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडच्या, म्हणजे रबिंगच्या खरखरीत पेस्टच्या, डब्याकडे बघूही नये. दारांच्या कडा, बोनेटवरच्या उठावाच्या रेषा इथे रंग सर्वांत पातळ असतो आणि मशीन नेमकं तिथेच रेंगाळतं, म्हणून त्यांच्यावर मास्किंग टेप. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरी बीडिंगवरही टेप, नाहीतर पॉलिश त्यात वाळून पांढरं पडतं आणि दात घासायच्या ब्रशने काढावं लागतं. नवख्याने जोरात एकाच दिशेने फिरणारं मशीन घेऊ नये, ते एका जागी तापून रंग भाजतं. डोलत फिरणारं ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एका वेळी दोन फुटांचा चौकोन, आधी आडवे फेरे, मग उभे. पुसून बघावं आणि पुढे सरकावं.

मग मेण, तेही अगदी पातळ. जाड थर लावणाऱ्याला जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त खांदा दुखतो. धुरकट दिसू लागलं की स्वच्छ कापडाने पुसायचं. कार्नोबा, म्हणजे झाडाच्या पानांपासून मिळणारं मेण, आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम मेण, काही महिने. सिरॅमिक कोटिंग आणखी टिकतं, पण "९एच कडक" या जाहिरातीतला कडकपणा पेन्सिलीच्या मापाचा आहे, हिऱ्याच्या नव्हे. काकांच्या फडक्याने त्यावरही रेघा पडतात.

हेडलाइट पिवळे पडले की साडू टूथपेस्ट सुचवतात. पेस्ट बारीक घासते, त्यामुळे दिवे महिनाभर खुलतात, मग पूर्वीहून पिवळे होतात. दिव्याच्या पॉलीकार्बोनेट प्लास्टिकवरचं उन्हापासून वाचवणारं आवरण आधीच गेलेलं असतं आणि पेस्टमध्ये ते काही मिळत नाही. १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवावा, मग पॉलिश, मग यूव्ही, म्हणजे उन्हापासून वाचवणारं, कोटिंग. हे शेवटचं टाळलं तर साडूंची पेस्टच बरी, निदान वास तरी छान.

आता आत. आतले हितचिंतक चमकप्रेमी. डॅशबोर्डवर कोणी सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश मारतं, कोणी चक्क खोबरेल. धूळ त्यावर प्रेमाने बसते आणि उन्हात डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं, की समोरची एसटी नंतर दिसते. पाण्यावर आधारित, मॅट, यूव्ही असं लिहिलेलं घ्यावं. त्याआधी व्हॅक्यूम, तोही ओल्या कापडाच्या अगोदर, कारण ओली धूळ म्हणजे चिखल. एसीच्या जाळीत अर्ध्या इंची पेंटचा ब्रश चालतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा. काच शेवटी, दोन कापडांनी, एक ओलं, एक कोरडं.

सीटवर वरणाचा डाग पडला तर साबण घेऊन धावू नका. हळद साबणाच्या क्षाराने लाल होते आणि आता सीटवर कुंकू सांडलंय असं वाटतं. साध्या पाण्याने टिपावं आणि उन्हाला सोडून द्यावं. हळद उन्हात विटते. सीट भिजवू मात्र नये, फेस चोळून लगेच टिपावं, नाहीतर स्पंजात पाणी राहून पावसाळ्यात बुरशीचा वास येतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवून धुवावा आणि कोरडा होईपर्यंत आत सोडू नये. त्याला ब्लीच लावू नये, पट्टा कमजोर होतो. बुरशीचं मूळ बहुतेकदा एसीत असतं. गाडी लावण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला की आतली ओल वाळते. डांबर गोळ्या टांगून फक्त बुरशी आणि डांबर असा मिश्र वास मिळतो.

एवढं सगळं उरकेपर्यंत दसरा येतो आणि सगळ्यांत आदरणीय हितचिंतक, म्हणजे आजी, ताट घेऊन खाली उतरतात. ताजं मेण लावलेल्या बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, तारेत ओवलेला झेंडूचा हार आणि बंपरवर नारळ. हार तारेचा नको, दोऱ्याचा घ्या, आणि उन्हात वाळेपर्यंत ठेवू नका. झेंडूचा रंग उतरतो. नारळ दोन हात लांब दगडावर फोडा, पाणी उडालंच तर लगेच धुवा. लिंबू चाकाखाली ठेवायला माझी काहीच हरकत नाही. स्वस्तिकाबद्दल मात्र आजींना हात जोडून विनंती करावी की पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढा, तिथून देवाला चांगलं दिसतं. मग त्या दिवशी वायपर तेवढा लावू नये.