हनुवटी यंदा नक्की जाणार!

शोधायचं एवढंच होतं की ॲपलच्या जुन्या २७ इंची आयमॅकची, म्हणजे स्क्रीनमध्येच संगणक असलेल्या यंत्राची, स्क्रीन परत बसवताना चिकटपट्ट्या कुठल्या क्रमाने लावतात. सापडली ती अजून जन्माला न आलेल्या आयमॅकची चित्रं. कडा नाहीत, हनुवटी नाही, वायर नाही. एका चित्रात तर स्टँडसुद्धा नव्हता, स्क्रीन आपली टेबलावर स्वतःच्या हिमतीवर उभी. पट्ट्यांचा क्रम मिळाला शेवटी, पण तोवर एक गोष्ट लख्ख कळली: यंत्र दुरुस्त करणाऱ्यापेक्षा यंत्राचं भविष्य सांगणाऱ्याला मान मोठा. तेव्हा तुम्हीही भविष्यच सांगा. कसं सांगायचं ते पुढे दिलं आहे.

सुरुवात हनुवटीपासून करावी. स्क्रीनखालची ती रुंद पट्टी ‘यंदा जाणार’ असं ठोकून द्यावं. २०२१ च्या जानेवारीतही ती जाणार असं छापून आलं होतं. एप्रिलमध्ये २४ इंची आयमॅक आला तो सात रंगांत आणि हनुवटीसकट. त्याने काही बिघडत नाही, चुकलेलं भाकीत कुणी उकरून काढत नाही. पथ्य एकच, हनुवटीच्या आत काय असतं ते चुकूनही सांगू नका. ११.५ मिलिमीटर जाडीच्या त्या यंत्रातला जवळजवळ सगळा संगणक त्या पट्टीतच आहे. मदरबोर्ड तिथे, पंखेही तिथेच. एम१ या ॲपलच्या चिपवरच्या खालच्या मॉडेलला एक, वरच्याला दोन. हनुवटी काढायची तर हे सगळं पॅनेलच्या मागे न्यावं लागतं, आणि मागे नेलं की जाडी वाढते. ॲपलचाच २०२२ चा स्टुडिओ डिस्प्ले हा मॉनिटर बघा. त्याला हनुवटी नाही, पण पंखे आणि पॉवर सप्लाय पाठीत आहेत आणि अंग आयमॅकपेक्षा चांगलंच जाड आहे. दोन्हींतलं एकच मिळतं. तुमच्या चित्रात मात्र दोन्ही मिळू द्या. चित्र तापत नाही.

मग तारीख. त्यासाठी जुन्या तारखांची सरासरी काढावी, म्हणजे अभ्यास केल्यासारखा वाटतो. १९९८ चा फुगीर, आरपार दिसणारा. २००२ चा अर्धगोलावर हात उभारलेला. २००४ मध्ये सगळं स्क्रीनच्या मागे. २००७ मध्ये ॲल्युमिनियम आणि काच. २००९ मध्ये रुंद स्क्रीन. २०१२ ची निमुळती कड. मग थेट २०२१. म्हणजे मधली अंतरं ढोबळ मानाने चार, दोन, तीन, दोन, तीन आणि नऊ वर्षं. यातून पुढची तारीख काढता येत असेल तर लॉटरीचं तिकीटही त्याच हिशेबाने घ्यायला हरकत नाही.

रंगांबद्दल काहीही लिहा. सात आहेत, एखादा बरोबर येतोच.

चिपचा क्रमांक सर्वांत सोपा, मागच्यात एक मिळवायचा. २०२३ साली आयमॅक एम१ वरून एकदम एम३ वर गेला आणि एम२ ची वाट बघणारे तसेच बसून राहिले, ही किरकोळ बाब सोडून द्या.

स्क्रीनचे इंच आणि तिचा ‘के’ (आडव्या ओळीत किती हजार पिक्सेल) हे दोन आकडे एकमेकांना न विचारता निवडावेत. ‘३२ इंची ५के’ लिहायला छान वाटतं. आता थोडं गणित, ते मात्र कुणाला दाखवू नका. २७ इंचीवर ५१२० गुणिले २८८० म्हणजे इंचाला २१८ पिक्सेल. २४ इंची म्हणून विकतात ती खरं तर २३.५ इंची, तिच्यावर ४४८० गुणिले २५२०, म्हणजे परत २१८. ॲपलचा २०१९ चा ३२ इंची मॉनिटर, प्रो डिस्प्ले, ६०१६ गुणिले ३३८४, तोही २१८. हा योगायोग नाही. मॅकओएस ही मॅकची प्रणाली अक्षरं आणि बटणं बरोबर दुप्पट पिक्सेलांत आखते, आणि ती डोळ्यांना ठीक आकाराची दिसायला घनता याच आकड्याच्या आसपास लागते. ३२ इंचीवर ५के पसरलं तर घनता १८४ वर उतरते. मग एक तर सगळं मोठं मोठं दिसतं, नाहीतर दीडपट-पावणेदोनपट अशी ओढाताण होऊन बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडतात. म्हणजे ‘आतली बातमी’ खरी की खोटी हे बघायला आतला माणूस लागत नाही. कर्णातले पिक्सेल काढा, इंचांनी भागा, संपलं. पण हे वाचकांना कळलं तर निम्मी चित्रं कचऱ्यात जातील, म्हणून गप्प राहणं बरं.

माउसबद्दल लिहू नका. २०१५ पासून त्याचं चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे, २०२४ मध्ये भोकाचा आकार बदलला, जागा तीच.

चित्रात जमीन दिसू देऊ नये, कारण पातळ यंत्राचा पॉवर सप्लाय विटेसारखा जमिनीवर पडलेला असतो. इथरनेटचं सॉकेटही त्याच विटेत, आणि एम१ च्या खालच्या मॉडेलला तेसुद्धा वेगळे पैसे मोजून. हेडफोनचं भोक डाव्या कडेला का गेलं, असंही कुणी विचारेल. ११.५ मिलिमीटर जाडीत १४ मिलिमीटरची पिन मागून घुसवून दाखवा म्हणावं.

स्टँडची उंची बदलत नाही याबद्दल ब्र काढू नका. २००२ च्या यंत्राची स्क्रीन एका बोटाने वरखाली होत होती. आजची फक्त मागेपुढे झुकते. बाकीचं काम खाली रचलेली जाडजूड पुस्तकं करतात.

आता मुख्य शब्द: ‘पातळ’. तो मथळ्यात हवाच. चित्र बाजूने काढावं, कारण समोर बसलेल्या माणसाला जाडी दिसत नाही, आणि संगणक समोर बसून वापरतात हे चित्रातून उघड होता कामा नये. २०१२ ला कड ५ मिलिमीटरवर आली तेव्हा सगळे असेच बाजूने बघत होते. कडेला पाच, मध्ये पोट सुटलेलं. त्या पाचासाठी डीव्हीडी ड्राइव्ह गेला, तो जाऊ दे, त्याचे दिवस भरलेच होते. पण त्याच वर्षी स्क्रीन गोंदाने चिकटवली. २००४ च्या आयमॅक जी५ ला तळाशी तीन स्क्रू होते. ते सैल केले की मागचा अख्खा भाग निघायचा आणि आतलं सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. २००९ ला काच चुंबकांवर होती. दोन सक्शन कप, काच बाजूला, चांदणीच्या खाचेचे आठ टी-१० टॉर्क्स स्क्रू, पॅनेल तिरकं उचला, वायरी सोडवा. धूळ सांभाळली की झालं.

आणि २०१२ नंतर? प्लॅस्टिकची गोल चाकती घ्या. काच आणि धातू यांच्या फटीत, डाव्या बाजूला पॉवर बटणाच्या जवळ घाला आणि पुढे-मागे लोळवत वर न्या, मग वरची बाजू, मग उजवी. नुसती सरळ ओढली तर चिकटपट्टीचा फोम कापला जात नाही, परत चिकटतो. वर मध्यावर कॅमेरा आहे, तिथे हात हलका ठेवा. नंतर दोन्ही वरच्या कोपऱ्यांत प्लॅस्टिक कार्ड घालून राहिलेली पकड सोडवा. खालची बाजू आत्ता कापायची नाही, स्क्रीन तिच्यावर बिजागरीसारखी झुकवायची. तीही थोडीच, कारण आतून दोन वायरी बोर्डाला बांधलेल्या आहेत, एक पॉवरची आणि एक चित्राची. घाईत स्क्रीन उचलली की चित्राच्या वायरचं सॉकेट बोर्डावरून उपटून येतं. पॉवर सप्लाय आत उघडाच बसलेला असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार उरतो, त्याच्या सोल्डरला बोट लावायचं नाही. मग जुना गोंद खरवडा, नव्वद टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नव्या पट्ट्या लावा. पट्ट्यांचा वरचा कागद काढण्याआधी स्क्रीन नुसती टेकवून, वायरी जोडून यंत्र एकदा चालू करून बघा. दाबून चिकटवल्यावर कळलं की वायर अर्धवट बसली आहे, तर संच फुकट आणि सगळं पहिल्यापासून.

एवढा यज्ञ कशासाठी? एक डिस्क बदलण्यासाठी! आणि डिस्क कसली, तर २१.५ इंचीत मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, लॅपटॉपमधली. २०१९ च्या मॉडेलमध्येही तीच, ऑगस्ट २०२० मध्ये एकदाची सुटली. आख्ख्या यंत्रातला सगळ्यांत मंद आणि सगळ्यांत आधी मरणारा भाग गोंदाच्या मागे पुरून ठेवला. २७ इंचीला निदान पॉवर वायरच्या मागे रॅमचं दार होतं, चार खाचा, दोन मिनिटांचं काम. २१.५ इंचीला तेही नाही. २०१५ मध्ये तर रॅम बोर्डालाच डकवली. आणि भविष्य सांगणाऱ्यांनो, ही वर्षंच्या वर्षं तुम्ही काय लिहीत होतात? कडा किती मिलिमीटरने आक्रसणार!

उपरोध पुरे झाला.

२००९ च्या २७ इंची आयमॅकला दुसऱ्या मॅकची वायर जोडून कमांड आणि एफ२ दाबलं की तो नुसता मॉनिटर व्हायचा. २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांत ही सोय टिकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५के आला आणि सोय गेली. तेव्हा कारण खरं होतं. सेकंदाला साठ चित्रं म्हटली तर ५के ला २१ गिगाबिटच्या वर लागतात, आणि तेव्हाच्या डिस्प्लेपोर्टमधून, म्हणजे चित्र नेणाऱ्या जोडणीतून, १७.२८ च जात होते. पण २०१७ मध्ये त्याच यंत्राला थंडरबोल्ट ३ ही जास्त वेगवान जोडणी आली आणि ते यंत्र बाहेरचा ५के मॉनिटर एका वायरवर चालवू लागलं. म्हणजे ५के चित्र बाहेर पाठवता येत होतं, आत घ्यायची मात्र बंदी. तिथून पुढे अडचण तंत्राची राहिली नाही. आज त्या काळातली हजारो पॅनेलं धडधाकट आहेत आणि त्यांच्या मागचा संगणक म्हातारा झालाय. ती वाचवायची तर आतलं सगळं काढून, पॅनेलच्या पाठीवरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पॅनेलला चित्र पुरवणारा कंट्रोलर बोर्ड बसवावा लागतो, बॅकलाइटची जोडणी तपासावी लागते आणि कॅमेऱ्यावर पाणी सोडावं लागतं. एका बटणाचं काम, त्याला पूर्ण शनिवार-रविवार.

पुढच्या यंत्राबद्दल विचारायचे प्रश्न हे आहेत. चिप म्हातारी झाल्यावर पॅनेल वापरता येईल का? स्टोरेज बदलता येईल का? गोंद की स्क्रू? तुमच्यापैकी किती जणांनी हे विचारलं? उलट ज्याचं यंत्र एका एसएसडीने (न फिरणाऱ्या वेगवान डिस्कने) आणखी पाच वर्षं चाललं असतं, त्याला सांगत सुटलात ‘थांब, मोठा येतोय’. मार्च २०२२ मध्ये २७ इंची बंद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने स्वतः सांगितलं की ॲपल सिलिकॉनवरचा, म्हणजे स्वतःच्या एम चिपवरचा, २७ इंची आपण करत नाही. तरी तुमचं चालूच, ‘३२ येतोय, थांब’. बाजारात तुरी, आणि त्यांच्या नावाने लोकांचे पैसे आणि वर्षं अडवून ठेवता. आणि वाचणारे तुम्ही, ती चित्रं दहा जणांना पाठवणारे, तुम्हीही कमी नाही. यंत्र उघडतं कसं हे एकदाही न विचारता रंग निवडून मोकळे होता.

पुढचं चित्र काढाल ना, तेव्हा यंत्र पालथं घालून काढा आणि स्क्रू कुठे आहेत ते दाखवा. दाखवता येत नसतील तर निदान चिकटपट्ट्यांचा क्रम तरी लिहा.