सेल्फ-असेंब्लिंग प्रोटीन म्हणजे अंगात वाढत जाणारा रोबो नव्हे

एक मेसेज जोरात फिरतोय. नव्या लशींमध्ये म्हणे "स्वतःला बांधणारे प्रोटीनचे नॅनोरोबो" असतात, अंगात गेले की वाढतच राहतात, आणि कॉम्प्युटरवर डिझाइन केल्यामुळे शरीराला ते मोडताच येत नाहीत. असलं वाचून लोक लस टाळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

आधी ते "वाढत राहतात". सेल्फ-असेंब्लिंग म्हणजे प्रोटीनचे ठोकळे आपोआप एकमेकांना जुळून एक कण बनणं. आपोआप जुळणं आणि स्वतःच्या कॉप्या काढणं या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत. कॉप्या काढायला जीन लागतात, व्हायरसकडे ते असतात म्हणून तो वाढतो, या कणांना स्वतःचे जीनच नसतात. दक्षिण कोरियात जून २०२२ मध्ये मंजूर झालेली स्कायकोव्हिओन ही कोविडची लस घ्या. तिचा कण दोन प्रकारच्या ठोकळ्यांचा आहे, (प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या छोट्या घटकांची साखळी) तीन-तीन साखळ्यांचे २० आणि पाच-पाच साखळ्यांचे १२, म्हणजे ६० अधिक ६०, एकूण १२० साखळ्या. दोन्ही ठोकळे वेगवेगळ्या पेशींमध्ये तयार करतात, शुद्ध करतात, मग एकत्र मिसळतात आणि जुळणी तिथेच होते, टोचायच्या कितीतरी आधी. आणि ती जुळणी का थांबते, तर प्रत्येक ठोकळ्याची चिकटणारी बाजू अशा नेमक्या कोनात ठेवलेली असते की शेवटचा ठोकळा बसला की गोळा चहूबाजूंनी बंद होतो, पुढचा लावायला रिकामी कडच उरत नाही.

रोबो वगैरे तर नाहीच. ना मोटर, ना बॅटरी, ना सिग्नल. चिकटणाऱ्या बाजूवर पाण्यापासून पळणारी अमिनो ॲसिड्स असतात, ती एकमेकांना भिडून पाण्यापासून लपतात, जुळणीचा मुख्य जोर तोच.

"असलं आधी कधी कोणाच्या अंगात गेलंच नाही" असंही त्यात लिहिलंय. आपल्या पेशींमधलं लोह साठवणारं फेरिटिन हा २४ साखळ्यांचा आपोआप जुळणारा पोकळ गोळाच आहे. २००६ पासून वापरात असलेल्या एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा व्हायरस) लशीतही त्या व्हायरसच्या एल-१ नावाच्या प्रोटीनचे पाच-पाचचे ७२ गट आपोआप जुळून कवच बनतं.

मोडता येत नाहीत? डिझाइन केलेली काही प्रोटीनं उष्णतेला चिवट असतात हे खरं, पण ती बनतात त्याच २० अमिनो ॲसिड्सची, आणि पेशीने गिळल्यावर आतली एन्झाइम्स त्यांचे तुकडे करतात.

आता "कॉम्प्युटरवर वाट्टेल ते बनतं", हे मला सगळ्यात जास्त खटकलं कारण यात माणसांची मेहनतच पुसली जाते. २०१३ मध्ये स्लोव्हेनियातल्या टीमने एकाच साखळीतून चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड बनवला. साखळीत १२ तुकडे, ठरलेल्या जोडीदारालाच पिळा घालणारे, दोन-दोन मिळून ६ कडा, आणि तुकड्यांचा क्रम असा बसवायचा की साखळी प्रत्येक कडेवरून बरोबर दोनदा जाईल! स्क्रीनवर सुंदर दिसणारी कितीतरी डिझाइन्स बॅक्टेरियात बनवायला गेलं की विरघळतच नाहीत, नुसत्या गुठळ्या होतात. जी टिकतात त्यांचा आकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघूनच खात्री करतात.

शंका घ्यायचीच तर खरी घ्या. लशीत व्हायरसचा भाग या कणावर बसवलेला असतो, म्हणजे कण हा त्याचा सांगाडा; शरीर व्हायरसच्या भागासोबत या सांगाड्याविरुद्धही अँटीबॉडी बनवू शकतं, मग तोच सांगाडा दुसऱ्या लशीत वापरला तर परिणाम कमी होईल का? हा प्रश्न संशोधक स्वतःच विचारतात आणि प्राण्यांवर तपासूनही बघतात.