काळ्या जोडीची पिवळी पिल्लं : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंत, "लॅब्राडोर कुत्री काळी, नरही काळा, आणि आठात दोन पिल्लं पिवळी? शेतावरचा तांबडा गावठी येऊन गेला, दुसरं काही नाही. मेंडेलचे वाटाणे इथे आणू नका."

एक गोष्ट मान्य. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, आणि राणीवर, म्हणजे आमच्या या कुत्रीवर, मी चोवीस तास पहारा ठेवला नव्हता. पण तुमचा संशय चुकीच्या पिल्लांवर आहे.

लॅब्राडोरच्या काळ्या रंगामागे 'के' हे जनुक असतं. ते नेमकं कोणतं, हे 2007 साली उलगडलं. त्याची एक प्रत मिळाली तरी गावठ्याचा तांबडा रंग दबतो आणि पिल्लू काळं होतं. राणीकडून ती प्रत जवळपास प्रत्येक पिल्लाला जाणार. म्हणजे तांबड्याची पिल्लं असलीच, तर ती आधी त्या सहा काळ्यांतच शोधायला हवीत!

मग पिवळी कशी झाली? ते काम 'ई' या जनुकाचं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की केसात काळं उतरतच नाही, 'के' असूनही. एक प्रत आईची, एक बापाची. दोघंही काळे असून ती वागवू शकतात. तांबड्याकडेही ती असू शकते, पण काळ्या नराला वगळायला कारण उरत नाही. मेंडेलनं वाटाण्यांवरून मांडलेलं आनुवंशिकतेचं साधं गणित इथे पुरत नाही, हे तुमचं खरं. चॉकलेटी करणारं 'बी' जनुकही धरलं आणि आईबाप दोघांकडेही 'ई' आणि 'बी' या दोन्हींची एक चांगली, एक बिघडलेली प्रत असली, तर 16 पैकी 9 काळी, 3 चॉकलेटी, 4 पिवळी असा हिशेब येतो. आठ पिल्लांत तो तंतोतंत कसा उतरेल?

काल सकाळी पऱ्हाटीच्या गंजीआडून दोन्ही पिवळी पिल्लं उचलून उन्हात आणली. महिन्याची झालीत. कानांच्या कडा, पाठ, शेपटीचं टोक, सगळीकडे केस बाजूला करून पाहिलं. एकही काळा केस नाही. गावठ्याच्या तांबड्या पिल्लाला बऱ्याचदा काळी टोकं असतात, तोंडही काळसर असतं. यांची नाकं मात्र काळीभोर, कारण 'ई'ची अडवणूक केसांपुरती असते, नाकाच्या कातडीला ती लागू नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे एकानं "हे आपल्या कुत्र्याचं नाही" म्हणत पिवळं पिल्लू नाल्याकाठी सोडलं. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून इतकं लिहिलं. ही दोन्ही मी ठेवून घेतोय. वेचणी उरकली की या, केस तुम्हीच बाजूला करून पाहा.